न्हाणीतला आवाज

४ नोव्हेंबर १९७३, सातारा

सांगलीहून दुपारच्या एस.टी.ने परत. मास्तर म्हणाले, आजपासून रोज लिहा. काय लिहू? तर म्हणे आसनं झाली की डोळे मिटून बसा, मनात पहिलं काय येतं ते बघा, उठल्यावर तेवढंच लिहा. दुसऱ्याचं नाही, आपलं. याला ते स्वाध्याय म्हणतात. विचारलं, तुम्ही तपासणार का? नाही म्हणाले. मग लिहायचं कशाला, ते सांगितलं नाही. हेच मला खटकतं.

फी पण घेत नाहीत. फी न घेणारा माणूस पुढे कधीतरी मोठं काहीतरी मागतो, असा माझा अनुभव. माझी नोकरीच तसली होती म्हणा. फौजेत निम्मं आयुष्य डेपोच्या गेटवर गेलं. आत येणाऱ्याचा पास बघायचा, बाहेर जाणाऱ्याची पिशवी बघायची. सुभेदार होऊन पेन्शनीत आलो तरी नजर तीच राहिली.

गेलो होतो थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे. छातीतला कफ हटत नव्हता. आक्का नदीच्या घाटाजवळ राहते आणि तिच्याच गल्लीत मास्तर. पूर्वी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आता पहाटे घरातच माणसं गोळा करून योग शिकवतात. मिलिटरी हॉस्पिटलच्या गोळ्यांनी जे झालं नाही ते त्यांच्याकडे आठवडाभरात थोडंफार झालं, हे मान्य करायला हवं. म्हणून लिहितो. बाकी माणूस अजून पारखायचाय.

५ नोव्हें.

वज्रासन ठीक. पश्चिमोत्तानात गुडघ्यापाशीच अडकलो. मग बैठक (पुढे नुसतं बै. लिहीन, फौजेची सवय). मनात पहिलं आलं ते: दूधवाला पाणी घालतो. मग: साबण एवढा कसा झिजला? मग: सौ. स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघून हसतेय.

डोळे उघडले. खरंच हसत होती.

"आवं, देवाचं नाव घेताय का कुणाशी भांडताय? कपाळ बघा की आरशात."

आरशात बघितलं नाही.

८ नोव्हें.

आज पहिल्यांदा घरी वमन केलं. मास्तरांनी आठवड्यातून एकदा सांगितलंय. उकिडवं बसून मिठाचं कोमट पाणी पोट तटतटेपर्यंत प्यायचं आणि घशात बोटं घालून सगळं बाहेर काढायचं. कफाचे गोळेच्या गोळे पडले. नंतर छाती इतकी मोकळी की मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

पण त्या आवाजाचं काय करायचं? न्हाणी परसात, आणि आमची नि शेजारच्या अनुसयाबाईंची भिंत एकच. पेन्शनर फौजीच्या घरातून पहाटे ओकण्याचा आवाज आला की लोक काय समजणार? सुभेदार कॅन्टीनची रम ढोसतोय. आमच्या आळीत दोघं त्यातच गेले, लोकांच्या तोंडात आयतं आहे. म्हणून सौ. आणि शालन दोघींना समोर उभं करून बजावलं, यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये. योग-बिग काही बोलायचं नाही. कुणी विचारलंच तर मांजर म्हणायचं.

शालन म्हणाली, "एवढं मोठं मांजर, आबा?"

ही आमची एकुलती एक. वीस संपलं. शिवणाच्या क्लासला जाते. माझ्यासमोर असं बोलणारी अख्ख्या घरात तीच.

१३ नोव्हें.

पुन्हा वमन. आठवडा व्हायचाय अजून, पण सकाळी छाती जड वाटली. बै. बरी. पहिलं मनात: मास्तरांना आठवड्यातून एकदाच का पाहिजे? जास्त केलं तर माणूस लवकर बरा होऊन यायचा बंद होईल म्हणून?

१८ नोव्हें., रविवार

कोरेगावची मंडळी शालनला बघून गेली. स्थळ सौ.च्या भावानं, तात्यानं आणलेलं. तो कोरेगावातच असतो. पोरगा फौजेत क्लार्क आहे, दिवाळीच्या रजेवर आलाय. घरचा ऊस, विहीर. आई बोलकी, घर डोळ्यांनी मोजत होती. मी तिला मोजत होतो.

पोरानं शालनला (पुढे नुसतं शा.) एकच विचारलं. "शिवणकाम शिकताय म्हणं. फुडं काय करायचं ठरवलंय?"

शा. म्हणाली, "दुकान टाकायचंय."

सगळे हसले. तो हसला नाही. "टाका की," म्हणाला.

संध्याकाळी तात्या धापा टाकत निरोप घेऊन आला, पसंत आहे. संक्रांत झाली की सुपारी फोडू. सौ.च्या डोळ्यांत पाणी. मला मात्र कळेना, एका बैठकीत पसंत कसं केलं? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. हे तात्याला बोललो. तो म्हणाला, "दाजी, चांगलं झालं तर चांगलं म्हणा की कधीतरी."

२ डिसें., सांगली

आक्काकडे. पहाटे मास्तरांकडे जाऊन आलो. म्हटलं, बसलं की फक्त शंका येतात. देव नाही, प्रकाश नाही, काही नाही. म्हणाले, शंका खरी की खोटी ते सोडा, ती घेतं कोण तेवढं बघा. म्हटलं, मीच की. म्हणाले, मग त्याला बघा.

असलं बोलणं कुणालाही जमतं.

संध्याकाळी एस.टी. स्टँडवर बसलो होतो तर समोरच्या टपरीवर कोण? मास्तर. बशीत ओतून चहा पीत होते. आम्हाला चहा सोडायला लावलाय! मी खांबाआड झालो. सापडले म्हणायचे. खरं सांगायचं तर गाडीत बसल्यावर सातारा येईपर्यंत मला फार बरं वाटत होतं.

११ डिसें.

आज बै.त एक झालं. श्वास नुसता येत-जात होता आणि मी त्याला अडवत नव्हतो. किती वेळ ते माहीत नाही. कोण आलं, कोण गेलं, कशाचीच चौकशी नाही. डोळे उघडले तर परसातल्या पपईवर ऊन आलं होतं आणि मला उगाच रडू येत होतं. आई गेली तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं.

लगेच मनात आलं, हे मास्तरांनी काहीतरी केलेलं असणार.

शा. हल्ली काम करताना गुणगुणते. विचारलं काय गं, तर "काय न्हाई". लग्न ठरलं की पोरी गुणगुणतात, असं सौ. म्हणते. असेल.

२० डिसें.

वमन. आता एक दिवसाआड करतोय. शरीर हलकं होतं, त्याची गोडी लागते.

अनुसयाबाईंनी पाण्याच्या नळावर सौ.ला गाठलं. "सकाळच्या पारी कोण वकतं गं तुमच्यात?" सौ.ने ऑर्डरीप्रमाणे सांगितलं, मांजर. त्यावर बाई म्हणाल्या, "मांजर न्हवं वाटत," आणि हंडा उचलून गेल्या. सौ. घाबरी झालीय. म्हणते, सांगून टाकू का? म्हटलं मुळीच नाही. आज सांगितलंस तर उद्या सगळी आळी म्हणेल, योगाचं नाव आणि बाटलीचं काम. मी लोकांना ओळखतो.

१५ जानेवारी १९७४



काल संक्रांत. सौ. अनुसयाबाईंकडे हळदीकुंकवाला गेली होती. सगळ्या बायकांना वाण म्हणून ऊस, बोरं, हरभरा, एकेक फणी. सौ.ला वरून वेगळी पुडी. "ही शालनसाठी." घरी येऊन उघडली तर हिरव्या चिंचा.

मी म्हटलं, मग? चटणी कर.

सौ. खालीच बसली. "आवं, हिरवी चिंच कुणाला देत्यात ते कळतं का तुमाला? सकाळच्या पारी वकणाऱ्या बाईला देत्यात. जिला दिवस गेल्यात तिला."

तरी मला क्षणभर कळलं नाही. मग पायाखालची जमीन हलली. दोन महिने पहाटे माझ्या न्हाणीतून आवाज येतोय, बाहेर मी नाव काढू देत नाही, आणि घरात बिनलग्नाची पोर. मी बाटलीची शंका येईल म्हणून लपवलं. लोकांनी बाटलीचा विचारसुद्धा केला नव्हता.

शा. दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. पुडी उचलली, परसात जाऊन टाकली, हात धुतले आणि भाकरी थापायला बसली.

१६ जाने.

अनुसयाबाईंच्या मालकांकडे गेलो. बापू, रिटायर तलाठी. सरळ सांगितलं, बापू, तो आवाज माझा आहे. योगातली क्रिया आहे, सांगलीला शिकलो, कफासाठी.

बापू मान हलवत ऐकत राहिले. "तुमी म्हणताय म्हंजे असंल, सुबेदार."

म्हटलं, असेल नाही, आहे. उद्या पहाटे न्हाणीपाशी या, तुमच्यासमोर करून दाखवतो.

"कशाला, कशाला. बापानं लेकीसाठी एवढं करावंच लागतं. माझी असती तर मी बी केलं असतं."

तळपायाची आग मस्तकात. पण काय करणार? फौजेत माझ्या गेटवर असंच एखादा पोटतिडकीनं खरं सांगायचा आणि मी शांतपणे मान हलवायचो. अगदी अशीच.

आजपासून वमन बंद.

१९ जाने.

तात्या आला. चपला काढल्या पण बसला नाही. कोरेगावला बातमी पोचलीय. पोराची आई म्हणते, सुपारीचं जरा थांबू, पोराची रजा निघायचं बघू मग. म्हटलं, तात्या, खरं काय ते बोल. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "दाजी, मला काय बोलायला लावता? माझी भाची हाय ती."

शा. क्लासला गेली होती ते बरं. आल्यावर तिला सौ.ने सांगितलं. रात्री ती जेवली नाही. कालही धड जेवली नव्हती.

२३ जाने.

लिहू की नको?

पहाटे बै.ला पुढच्या खोलीत बसलो होतो. श्वास संथ होत होता. न्हाणीतून आवाज आला. ओकण्याचा.

माझं वमन बंद आहे. सौ. माझ्या समोरच जात्यावर दळत होती. तिनं ऐकलं नाही, जात्याच्या आवाजात. मी उठून मागे गेलो. शा. पदरानं तोंड पुसत बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"काय झालं गं?"

"पित्त झालंय आबा. उपाशी हाय न्हवं."

बरोबर आहे. चार-पाच दिवस पोटात धड अन्न नाही, पित्त होणारच. कुणालाही होईल. हे मी स्वतःला सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि तरीही. ते गुणगुणणं. क्लासहून एकदा अंधार पडल्यावर आली होती, ते. आणि

नाही. पुढचं लिहीत नाही.

२४ जाने.

दुपारी तिच्या मागे गेलो. माझ्या लेकीच्या मागे, अंतर ठेवून, टोपी कपाळावर ओढून. ती राजवाड्याच्या बाजूनं गेली, एका दुकानात दोरा घेतला, क्लासमध्ये शिरली. समोर रसवंतीत बसून राहिलो. क्लास सुटला. बाहेर पडली, एका मैत्रिणीशी बोलली, घराकडे वळली. काही नाही. काहीच नाही.

काही नसल्याचं बरं वाटायला हवं होतं. वाटलं उलटंच, आज कळलं असेल तिला, म्हणून सरळ गेली.

रात्री ताट वाढताना ती हळूच म्हणाली, "आबा, आज रसवंतीत काय काम हुतं?"

म्हटलं, रस प्यायला गेलो होतो. तिनं भाकरी ताटात ठेवली.

२७ जाने., सांगली

मास्तरांना जाब विचारायला गेलो. आक्का नको म्हणत होती. चारचौघांसमोरच बोललो, तुमच्या वमनानं माझ्या पोरीचं लग्न मोडायला आलंय. तुम्ही म्हणाला होता मन स्वच्छ होईल. माझ्या मनात आज जे येतंय ते मी मेलो तरी कुणाला सांगणार नाही, असलं काही येतंय.

मास्तर चिडले. पहिल्यांदाच बघितलं. "आठवड्यातून एकदा करा म्हणालो होतो. लपवून करा असं मी सांगितलं का? आणि मन स्वच्छ होईल असंही म्हटलं नव्हतं. बघा म्हटलं होतं. आता दिसतंय तर माझ्यावर ओरडताय."

मी म्हटलं, तुम्ही चहा पिता.

मास्तर म्हणाले, "पितो. सुटत नाही." आणि मग खालच्या आवाजात, "तुमची मुलगी मला माहीत नाही, सुभेदार. तुम्हाला माहीत आहे का, ते तुम्ही बघा."

गेटवर अधिकाऱ्याच्या वेषातला तोतया पकडावा तसं काही होईल असं वाटलं होतं. हा तर साधा म्हातारा, चहा न सुटणारा. त्यामुळे त्याचं बोलणं जास्तच लागलं. आक्कानं वाटेसाठी डबा दिला. तो एस.टी.त उघडलासुद्धा नाही.

३० जाने.

तात्या पुन्हा आला. या वेळी बसला. कोरेगावच्या बाईचा निरोप: स्थळ मोडायचं नाही त्यांना. फक्त पोरीला एकदा डॉक्टरीणबाईला दाखवा. तिनं तोंडी सांगितलं तरी पुरे. मग लगेच सुपारी.

मी उठलो आणि जे बोललो ते आळीनं ऐकलं. माझी लेक म्हणजे बाजारातली म्हैस नाही दात बघून घ्यायला. ज्यांना विश्वास नाही त्यांच्या घरात तिला मीच देणार नाही. जा, सांग त्यांना. तात्या चपला घालतच पळाला.

सौ. पदर तोंडाला लावून रडत होती, पण मान ताठ. म्हणाली, "आज मला आवडलं तुमचं बोलणं." इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा.

शा. मधल्या दारात होती. तिनं माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. मी नजर चुकवली.

१ फेब्रु.

बै. पहाटे. पाय मुडपून बसलो, डोळे मिटले. मास्तरांनी सांगितलंय, पहिलं येईल ते लिहायचं. तर लिहितो.

पहिलं आलं: दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

कोरेगावच्या बाईसाठी नाही. मला कळलं असतं. ज्याच्यासाठी मी तात्याला दारातून हाकललं, तेच मला पाहिजे आहे, त्या बाईपेक्षा जास्त. ती निदान उघड मागते. मी मागतोय ते मनातल्या मनात, आणि वरून बाप म्हणून मिशीला ताव देतोय.

उठून पाणी प्यायलो. परत बसलो. परत तेच. त्या संशयाला घालवायचा प्रयत्न केला तर तो घट्ट होतो. नुसतं बघितलं तर तिथंच बसून राहतो, जायची घाई नाही त्याला. लाज वाटते. पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं मी. रजेवर आलो की ती स्टँडवर सगळ्यात पुढे उभी असायची, आईचा हात सोडून. तिच्याबद्दल हे? तर हो. तिच्याबद्दलच.

३ फेब्रु., रविवार

तात्या दबकत आला, पण हसरा. पोरगा आठवड्याच्या रजेवर आला होता, आज रात्री निघणार. जायच्या आधी आईसमोर तात्याला म्हणाला, "मला कुणाला काय दावायचं न्हाई. मी बोललो पसंत म्हंजे पसंत. ती दुकान टाकनार हाय, तेवढं आईला सांगा." आई अजून धुसफुसतेय, पण पोरगा ठाम. पुढच्या रजेत बघू म्हणतोय.

सौ.ने तात्याला गूळ दिला. मला आनंद झाला का? झाला. पण त्या आनंदाच्या मागोमाग हेही आलं, की त्या पोरानं तिला एकदा बघितलंय. पोह्याची बशी द्यायला आली तेवढं. आणि त्याला काही बघायची गरज नाही.

मग मला का?

सगळं मिटलं असं सौ. म्हणाली. शा. भांडी घासत होती. भांडी घासून झाली, हात पुसले, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आबा, उद्या मी डॉक्टरीणबाईकडं जाऊन येते."

सौ. म्हणाली, "अगं, आता कशाला? पोरगा म्हणाला न्हवं, कुणाला काय दावायचं न्हाई."

"त्येंच्यासाठी न्हाई," शा. म्हणाली. "आबांसाठी."

४ फेब्रु., सोमवार

सकाळी तिनं धुवट पातळ नेसलं. सौ. सोबत जाणार होती, ती आत पिशवी शोधत राहिली, मुद्दाम. शा. उंबऱ्यापाशी चपला घालून उभी.

चपला घालायला एवढा वेळ लागत नाही. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. मला दिसत होतं, ती थांबलीय. माझ्या एका शब्दासाठी थांबलीय. जाऊ नको. एवढंच. माझ्या तोंडात तो शब्द होता, जिभेवर होता. आणि त्याच वेळी मी स्वतःला बघत होतो, अगदी स्पष्ट, बै.त कधी दिसलं नाही इतकं स्पष्ट, की हा माणूस बोलणार नाही. याला कळून घ्यायचंय.

सौ. बाहेर आली. शा. उतरून चालायला लागली.

मी काही बोललो नाही.

दुपार टळून गेल्यावर परत आल्या. मी पुढच्याच खोलीत होतो. शा. माझ्याशेजारून आत गेली. सौ. मागून आली, पिशवी खुंटीला लावली. भाकऱ्या झाल्या, वाढलं, जेवलो. आमटीला मीठ कमी होतं. कुणी काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं, हे खरं कारण.

५ फेब्रु.

सौ.ला परसात गाठलं. म्हटलं, काय म्हणाली डॉक्टरीण?

ती दोरीवर लुगडं पसरत होती, हात थांबवला नाही. "मला म्हाईत हाय काय म्हणाली ते. शालननं तुमाला सांगायचं न्हाई म्हणून शपत घातलीया."

"अगं पण मी बाप..."

"ती काय म्हणाली ते ऐका. आबांनी मला इचारलं तर मी लगीच सांगीन, म्हणाली. जसंच्या तसं सांगीन. पण इचारलं तर त्येंची माझी हाक तुटली. मग लगीन हुईस्तोवर ह्या घरात ऱ्हाईन, बोलणार न्हाई."

मी सौ.च्या चेहऱ्याकडे बघितलं. गेटवर किती चेहरे वाचले. ट्रकमध्ये पोत्याखाली काय आहे ते ड्रायव्हरच्या कानशिलावरून सांगायचो. या बाईबरोबर संसार केला, आणि तिच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही वाचता येईना. बरं की वाईट, काही नाही. लुगड्याचे काठ सरळ करत होती.

"इचारा की," ती म्हणाली, "इचारायचं तर." आणि बादली घेऊन आत गेली.

७ फेब्रु.

बै. पहिलं मनात: डॉक्टरीणबाईला परस्पर गाठावं. दवाखाना माहीत आहे. पेन्शनर सुभेदार, मुलीचा बाप, सांगेल की ती.

टोपी घालून बाहेर पडलो. पोवई नाक्यापर्यंत गेलो. तिथून दवाखान्याची पाटी दिसते. उभा राहिलो. एक फौजी ओळखीचा भेटला, "सुबेदारसाब, किधर?" म्हणाला. म्हटलं, कुठं नाही, चक्कर. त्याच्याबरोबर परत फिरलो. तो भेटला नसता तर काय केलं असतं, ते प्रामाणिकपणे लिहायचं तर माहीत नाही.

९ फेब्रु.

शा. जेवते. रंग परतलाय. मशीन आणायचं म्हणतेय, हप्त्यानं. सौ.शी बोलते, हसते. मला "आबा, ताट केलंय" म्हणते. आवाज नेहमीसारखा. नेहमीसारखा आहे का? प्रत्येक वेळी कान देऊन बघतो.

कधी वाटतं, विचारत नाही म्हणजे विश्वास ठेवतोय. चांगलं झालं, आसनांचं फळ म्हणायचं. मग बै.त नीट बघितलं की दिसतं, विश्वास नाही तो. हाक तुटेल याची भीती आहे. आणि भीतीच्या मागे तो संशय अजून बसलेलाच आहे. आज मात्र त्याला घालवायच्या मागे लागलो नाही. तो बसला, मी बसलो.

डोळे उघडले तेव्हा शा. समोर होती, केर काढायला आलेली. केरसुणी हातात तशीच. मी उठायची वाट बघत होती, किती वेळ कोण जाणे.

"काय पायजे का, आबा?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. सौ. नळावर गेलेली. विचारायला यापेक्षा बरी वेळ मिळाली नसती, आणि तिलाही ते कळत होतं. माझ्या तोंडाकडे बघत होती.

म्हटलं, "काही नाही."

तिनं आणखी थोडं बघितलं. मग म्हणाली, "मग उठा, खाली केर काढायचाय." उठलो.

आज विचारलं नाही. उद्याचं सांगता येत नाही.